फॅशन कॉलेजमधल्या शिक्षकांच्या आणि स्टाफच्या आठवणी रेकॉर्ड करताना: काय आधी, काय नंतर, आणि कुठे गडबड होते

कोणीतरी रिटायर होत असतं किंवा कॉलेजचं मोठं वर्ष येतं आणि कोणाच्या तरी डोक्यात येतं की जुन्या लोकांच्या मुलाखती करून ठेवूया. मग एक उत्साही ग्रुप तयार होतो, सगळ्यात फेमस मॅडमना बोलावलं जातं, टेबलावर फोन ठेवून दोन तास गप्पा होतात, सगळे खूश, आणि तीन वर्षांनी विचारलं तर फाईल कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये होती आणि तो फोन आता नाही. किंवा फाईल आहे पण सही घेतलेली नाही, म्हणून लायब्ररी ती कोणाला ऐकवू शकत नाही. किंवा सगळं आहे पण मॅडम दोन तास "आमच्या वेळी फार छान वातावरण होतं" एवढंच बोलल्यात.

यातली एकही चूक रेकॉर्डिंगच्या वेळची नाही, सगळ्या त्याच्या आधीच्या आहेत. ओरल हिस्टरीत (लोकांच्या आठवणी मुलाखतीतून रेकॉर्ड करून जपण्याच्या कामात) मुलाखत हा सगळ्यात छोटा भाग असतो, पुढेमागे जे काम असतं ते चुकलं किंवा उलट्या क्रमाने केलं की मुलाखत कितीही रंगलेली असो, उपयोगाची राहत नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## १. फाईल शेवटी कुठे राहणार ते पहिल्यांदा ठरवा

हो, सगळ्यात पहिल्यांदा. कॉलेजची लायब्ररी, अर्काईव्ह, कॉस्च्यूम किंवा टेक्स्टाईल कलेक्शन सांभाळणारा विभाग, जे काही असेल तिथल्या माणसाशी बोला आणि विचारा की आम्ही मुलाखती दिल्या तर तुम्ही ठेवाल का, कुठल्या फॉरमॅटमध्ये पाहिजेत, लोकांना ऐकायला कसं द्याल, बंद ठेवायचा भाग बंद ठेवता येईल का. उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "हो हो बघू" याला काही अर्थ नसतो, तो माणूस बदलला की विषय संपतो.

मग विषय. "कॉलेजचा इतिहास" हा विषय नाही, तो ढीग आहे. त्यापेक्षा "पॅटर्न मेकिंग कागदावरून कॅडवर (कॉम्प्युटरवर) गेलं तेव्हा शिकवण्यात काय बदललं" किंवा "फायनल शोच्या मागे काम करणारी माणसं" असं काहीतरी पकडा, म्हणजे दहा मुलाखती एकमेकींशी बोलतात, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्या गावाला जातो.

आणि वेळेचा हिशोब कागदावर मांडा. एक तासाचं रेकॉर्डिंग हाताने नीट टाईप करायला साधारण सहा ते आठ तास जातात, नवशिक्याला जास्तच, त्यात आधीची तयारी, तपासणी, इंडेक्स (कुठल्या मिनिटाला काय याची यादी) वेगळं. म्हणजे चाळीस लोकांची यादी करून सुरुवात केली तर चाळीस अर्धवट मुलाखती होणार हे जवळपास ठरलेलं. आठ-दहा घ्या पण शेवटपर्यंत न्या.

थांबा, तपासा: फाईल ठेवणाऱ्याचा लेखी होकार आला का? आला नसेल तर टप्पा २ सुरू करू नका.

## २. यादी करताना फक्त शिक्षक घेऊ नका

ही चूक जवळपास सगळीकडे दिसते. यादी म्हणजे विभागप्रमुख, डायरेक्टर, नावाजलेले व्हिजिटिंग डिझायनर. या लोकांचे इंटरव्ह्यू आधीच कुठे कुठे छापून आलेले असतात आणि ते तेच सांगतात, शब्दही तेच.

फॅशन कॉलेज ज्यांच्यावर चालतं त्यांची यादी करून बघा. शिलाई लॅबचा टेक्निशियन, मशीन दुरुस्त करणारा माणूस, सॅम्पल शिवून देणारे टेलर, कापड आणि ट्रिमिंगचं स्टोअर सांभाळणारी व्यक्ती, फिटिंग क्लासला उभी राहणारी मॉडेल, डाय लॅबचा असिस्टंट, लायब्रेरियन, अ‍ॅडमिशन ऑफिस, रात्री स्टुडिओ बंद करणारे वॉचमन. शोच्या आदल्या रात्री काय झालं हे डीनपेक्षा त्या वॉचमनला जास्त माहीत असतं. आणि कुठलं मशीन कधी आलं, कुठलं कधीच नीट चाललं नाही, हे फक्त मेकॅनिक सांगू शकतो.

एक साधा तक्ता करा, आडवं विभाग आणि उभं दशक, आणि प्रत्येक नाव त्यात बसवा. कुठे गर्दी आहे आणि कुठे रिकामं आहे ते लगेच दिसतं.

क्रम लावताना वय आणि तब्येत आधी बघा, वय झालेल्या माणसाला "पुढच्या सेमिस्टरला करू" म्हणू नये. पण अगदी पहिली मुलाखत अशा कोणाची तरी घ्या जो समजूतदार आहे आणि गरज पडली तर परत बसेल, कारण पहिल्या मुलाखतीत टीमचं काहीतरी बिनसतंच. डायरेक्टरला पहिला नंबर देऊ नका, मग बाकीचा स्टाफ तेच सूर धरून बोलतो.

कोण कोणाची मुलाखत घेणार हेही इथेच ठरवा. जी मॅडम या सेमिस्टरला मार्क देणार आहे तिची मुलाखत त्याच वर्गाच्या स्टुडंटने घेऊ नये, दोघंही मोकळं बोलत नाहीत. तसंच लॅब असिस्टंटची मुलाखत त्याच्या विभागप्रमुखाने घेणं म्हणजे ती मुलाखतच नाही, हजेरी आहे. शक्यतो दुसऱ्या विभागातला माणूस द्या, ज्याला विषय कळतो पण ज्याच्या हातात समोरच्याचं काही अडकलेलं नाही.

## ३. कागदपत्रं (कंटाळवाणं आहे, तरी वाचा)

दोन वेगळे कागद लागतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला संमतीपत्राचा, मुलाखतीच्या आधी. त्यात प्रोजेक्ट काय आहे, रेकॉर्डिंग कुठे राहील, उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणता येईल, मधेच थांबता येईल हे साध्या भाषेत. दुसरा रिलीज फॉर्म, मुलाखतीच्या नंतर. त्यात रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट (बोलणं टाईप केलेला मजकूर) वापरायचे हक्क कॉलेजला किंवा अर्काईव्हला कुठल्या अटींवर दिले ते. बऱ्याच देशांत माणूस जे बोलला त्यावर त्याचा स्वतःचा हक्क धरला जातो, त्यामुळे या दुसऱ्या सहीशिवाय रेकॉर्डिंग तुमच्याकडे असूनही तुमचं नसतं. कायदा जागोजागी वेगळा आहे, तर फॉर्म नेटवरून जसाच्या तसा उचलू नका, कॉलेजच्या कायदा बघणाऱ्या माणसाला दाखवा. संशोधनाची एथिक्स कमिटी असेल तर तिची परवानगी लागते का तेही आताच विचारा, नंतर विचारलं तर उत्तर अवघड येतं.

रिलीज फॉर्ममध्ये पर्याय असू द्या: सगळं खुलं, ठराविक वर्षापर्यंत बंद, काही भाग बंद, नाव न देता, फक्त लायब्ररीत बसून ऐकायला. हल्ली आवाज आणि मजकूर एआय ट्रेनिंगला वापरायचा का नाही याचीही वेगळी ओळ टाका, लोक विचारतात आणि बरोबर विचारतात.

फॅशन कॉलेजमध्ये दोन गोष्टी खास आडव्या येतात. एक म्हणजे बरेच शिक्षक इंडस्ट्रीत काम करून आलेले किंवा अजूनही करणारे असतात आणि त्यांनी कुठल्यातरी कंपनीबरोबर गोपनीयतेचा करार केलेला असतो. त्यांना आधीच विचारा, कारण बोलण्याच्या भरात ते कोणाचं सॅम्पल कोणी कॉपी केलं हे सांगून टाकतात. दुसरं, स्टुडंटची नावं. "ती मुलगी ज्युरीत (कामाच्या परीक्षणात) रडली, नापास झाली" ही गोष्ट त्या मुलीची आहे आणि तिने कुठे सही केलेली नाही.

इशारा: "हे कोणालाच कधीच कळणार नाही" असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांतल्या जुन्या लोकांच्या मुलाखती "तुम्ही हयात असेपर्यंत बंद राहतील" या भरवशावर घेतल्या होत्या, आणि २०११ मध्ये त्या टेप्ससाठी कोर्टाचं समन्स आलं आणि काही रेकॉर्डिंग द्यावी लागली. तुमच्याकडे कोणी गुन्ह्याबद्दल बोलणार नाही मान्य, पण छळाची तक्रार, पगाराचा वाद, कोर्टात चालू असलेलं भांडण हे निघू शकतं. म्हणून वाक्य असं ठेवा: कायद्याने जितकं शक्य आहे तितकं बंद ठेवू.

जे अजून नोकरीत आहेत त्यांना लेखी द्या की भाग घेतला किंवा नाही घेतला याची नोंद त्यांच्या सर्व्हिस फाईलमध्ये जाणार नाही. हे वाक्य नसलं तर स्टाफ येतो पण सगळं गोड गोड बोलतो.

## ४. रिसर्च आणि आधीचा फोन

मुलाखतीला बसण्याआधी कॉलेजचे जुने प्रॉस्पेक्टस, सिलॅबस, टाईमटेबल, शोची प्रोग्राम पुस्तिका, बिल्डिंगचे प्लॅन चाळा. आणि मशीन खरेदीचं रजिस्टर मिळालं तर सोनंच. त्यावरून एका पानाची टाईमलाईन बनवा: कधी कुठला कोर्स सुरू झाला, लॅब कुठून कुठे हलली, पहिली कॅड लॅब कधी, कोण कधी कोणाच्या जागी आलं. हे पान मुलाखतीत तुमच्या मांडीवर असणार.

बाहेरच्या जगातल्या दोनचार तारखाही लिहून ठेवा. इलस्ट्रेटर १९८७ ला आलं, फोटोशॉप १९९० ला, आणि २०२० मध्ये सगळे स्टुडिओ क्लास अचानक ऑनलाईन गेले. याचा उपयोग माणसाला पकडण्यासाठी नाही तर आठवण जागेवर बसवायला. "फोटोशॉप यायच्या आधी पोर्टफोलिओ कसा करायचे" असं विचारलं की माणूस लगेच त्या टेबलापाशी जातो, "१९८६ मध्ये काय करायचे" विचारलं की नुसता वर बघत बसतो.

मग मुलाखतीच्या आठवडाभर आधी वीस-पंचवीस मिनिटांचा फोन. कामाची वर्षं, विभाग, कुठले विषय टाळायचे, कानाला कमी ऐकू येतं का, किती वेळ बसू शकतात, कुठल्या भाषेत मोकळं वाटेल. या फोनवर गोष्ट सुरू झाली तर प्रेमाने थांबवा, "सर हे अगदी असंच रेकॉर्डिंगला सांगा." कारण एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा आखूड होते आणि मधेच "ते मी तुला सांगितलंच" येतं, जे टेप ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

याच फोनवर वस्तू आणायला सांगा. जुने पॅटर्न, स्वॉच बुक (कापडाच्या तुकड्यांची वही), मस्लिनमध्ये केलेलं सॅम्पल, वर्षानुवर्षं वापरलेली कात्री, क्लासच्या नोट्स, फोटो. या क्षेत्रातली माणसं वस्तू हातात घेतल्यावर दुप्पट बोलतात.

आणि शब्दांची यादी करा: नॉच, डार्ट, ग्रेडिंग, मार्कर, उरेब (तिरपं धरलेलं कापड), टॉइल (स्वस्त कापडात केलेलं चाचणीचं सॅम्पल), कॉलेजमधल्या खोल्यांची टोपणनावं, मशीनचे ब्रँड. ट्रान्सक्रिप्टच्या वेळी हीच यादी वाचवते.

## ५. प्रश्न: यादी नको, विषय लिहा

चाळीस प्रश्न छापून नेले की मुलाखत फॉर्म भरल्यासारखी होते. सहा-सात विषय लिहा आणि प्रत्येकाखाली दोन सुरुवातीचे प्रश्न, बाकीचे समोरच्याच्या उत्तरातून यायला पाहिजेत.

नको असलेले प्रश्न म्हणजे "तुम्हाला शिकवायला आवडायचं ना?" (हो), "तेव्हा आणि आताच्या स्टुडंटमध्ये काय फरक?" (हल्लीच्या मुलांना पेशन्स नाही, पंधरा मिनिटं), "तुमचा अविस्मरणीय क्षण?" (शांतता, मग काहीतरी बक्षीस).

त्याऐवजी असं:

- "मॅडम, ड्रेपिंगच्या (डमीवर कापड टाकून आकार घडवायच्या) पहिल्या तासाला वर्गात शिरल्यापासून तुम्ही काय काय करायचा, क्रमाने सांगा."
- "डमी कुठल्या साईजचे होते? त्या साईजमध्ये न बसणाऱ्या अंगाचं काय करायचं हे कधी शिकवलं जायचं?"
- "सर, मशीन बंद पडलं की तुम्हाला कोण बोलवायचं, आणि तुम्ही आल्यावर आधी काय बघायचा?"
- "शोच्या आदल्या दिवशी स्टोअरमध्ये कोण काय मागायला यायचं? नाही कोणाला म्हणायचा?"
- "ज्युरीत एखादं काम वाईट आहे हे कसं सांगायचं, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?"
- "उरलेलं कापड कुठे जायचं?"
- "लॅबमध्ये कोणाला लागलं-कापलं तर काय करायचे?"

बघा, प्रत्येक प्रश्न कामाच्या क्रियेबद्दल आहे. मत शेवटी आपोआप येतं. स्टाफशी बोलताना तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यांना आयुष्यात कोणी मत विचारलेलं नसतं आणि थेट "तुम्हाला काय वाटतं" म्हटलं की ते "आम्ही काय सांगणार" म्हणून गप्प होतात. तोच माणूस ओव्हरलॉक मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा इथून सुरू झाला की तासभर थांबत नाही, आणि त्यातच कोण शिक्षक मान द्यायचे आणि कोण नाही हे सगळं येऊन जातं.

भांडणं, राजकारण, अन्याय यांचे प्रश्न मधल्या भागात ठेवा. सुरुवातीला विचारले तर दार बंद होतं, शेवटी विचारले तर माणूस तसाच अस्वस्थ घरी जातो.

## ६. जागा, माईक, टेस्ट

फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करणं म्हणजे कच्ची टीप न घालता सरळ मशीन मारण्यासारखं आहे, जमलं तर जमलं.

फॉरमॅट वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ मध्ये मूळ रेकॉर्डिंग करू नका, त्यात गेलेला आवाज परत येत नाही, एमपी३ नंतर ऐकायच्या कॉपीसाठी काढायची. या सेटिंगला स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी होतं, मोनो त्याच्या निम्मं, तेव्हा कार्डवर जागा किती ते आधी बघा. बरेच रेकॉर्डर मोठ्या फाईलचे आपोआप तुकडे करतात, घाबरू नका, फक्त सगळे तुकडे कॉपी झाले का ते बघा.

शक्य असेल तर दोन माईक, एक बोलणाऱ्याला आणि एक विचारणाऱ्याला, वेगवेगळ्या चॅनलवर. दोघं एकदम बोलले तरी नंतर वेगळं ऐकता येतं. लेव्हल अशी ठेवा की जोरात बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल, शून्याला लागला की आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही.

आता फॅशनवाल्यांचा खास प्रॉब्लेम: कपडे. कॉलरचा माईक लावला की रेशमी किंवा स्टार्च केलेलं कापड, थरांचे ड्रेप, स्कार्फ, मण्यांच्या माळा, बांगड्या सगळं माईकमध्ये वाजतं, आणि ही माणसं नेमकी त्या दिवशी छान तयार होऊन येणार. तुम्ही त्यांना साधं घालून या असं सांगू शकता, पण ऐकतीलच असं नाही, म्हणून सोबत स्टँडवरचा एक माईक ठेवाच. बांगड्या आणि माळा काढून ठेवायची विनंती रेकॉर्डिंगच्या आधी करा, मधे नाही.

जागा शिलाई लॅब नको. मोह होतो खूप, पण मशीनची घरघर, इस्त्रीची वाफ, येणारीजाणारी मुलं, आणि मोठं म्हणजे तिथे सहकारी ऐकत असतात. छोटी खोली, पडदे किंवा कापडाचे गठ्ठे असतील तर उत्तम, कारण ते घुमणारा आवाज खातात. एसी, फ्रीज, ट्यूबलाईटची गुणगुण बंद. लॅबमध्ये जायचंच असेल तर ते वेगळं सेशन करा, चालत चालत, व्हिडिओवर, मूळ मुलाखत झाल्यानंतर.

थांबा, तपासा: दोन मिनिटं रेकॉर्ड करा, हेडफोन लावून परत ऐका. लाल दिवा लागलाय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही, काही रेकॉर्डरवर पहिल्यांदा बटण दाबलं की तो फक्त तयारीत जातो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर खरं सुरू होतं. बॅटरी नवी, जास्तीची जवळ, फोन एअरप्लेन मोडवर.

## ७. प्रत्यक्ष मुलाखत

सुरुवातीला टेपवर बोला: तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव, विचारणाऱ्याचं नाव, प्रोजेक्टचं नाव, कितवं सेशन. फाईलचं नाव उद्या बदललं तरी आवाजात ओळख राहते.

सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे हात. पॅटर्न, ड्रेपिंग, भरतकाम शिकवणारी माणसं तोंडाने कमी आणि हाताने जास्त सांगतात. "मग हे असं घ्यायचं, इथून असं वळवायचं, आणि मग इथे असं." ऑडिओमध्ये याचा अर्थ शून्य. तुम्हीच शब्द द्यायचे, हळूच: "म्हणजे खांद्याच्या टोकापासून कमरेपर्यंत कापड उरेब धरून, बरोबर?" त्या "बरोबर" म्हणतील किंवा "नाही नाही, कमरेच्या दोन बोटं वर" म्हणतील, दोन्ही चालतं. हे दर वेळी करायचं नाही, नाहीतर लय तुटते, पण तंत्र सांगत असतील तिथे करायचंच. हातांचा व्हिडिओ घेता आला तर फारच छान, कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता हातावर आणि टेबलावर.

"हं, हो, अच्छा, बापरे" बंद. मान हलवा, चेहऱ्याने दाखवा. गप्प बसायला शिका, उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच मोजा, बऱ्याच वेळा खरं वाक्य त्या पाचात येतं.

तारीख चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. इटलीतल्या तेर्नीमध्ये लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला, पण नंतर ओरल हिस्टरीचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मुलाखती घेतल्या तेव्हा कित्येकांनी ते १९५३ च्या कामगार कपातीच्या आंदोलनात झालं असं सांगितलं, आणि लोकांनी ती घटना का सरकवली हाच मोठा अभ्यास झाला. तुमच्या मॅडम जर कॅड लॅब खऱ्यापेक्षा पाच वर्षं आधी आली म्हणत असतील तर त्यामागेही काहीतरी असेल. एक प्रश्न टाका, "तेव्हा तुम्ही कुठल्या बॅचला शिकवत होता?" आणि पुढे जा. खरी तारीख ट्रान्सक्रिप्टच्या तळटीपेत.

कोणाबद्दल गंभीर आरोप आला तर रेकॉर्डर घाईने बंद करू नका आणि उकरतही बसू नका. ऐका, आणि सेशन संपल्यावर शांतपणे विचारा की हा भाग खुला ठेवायचा का बंद.

वस्तूंची पाळी मधे किंवा दुसऱ्या सेशनला. प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर टेपवर बोला, "वस्तू नंबर ३, निळ्या कव्हरचं स्वॉच बुक", त्याच नंबरच्या चिठ्ठीसकट फोटो काढा. चिठ्ठी नसलेले पंचवीस फोटो महिन्याभराने कोणाचे कुठले ते देवालाच माहीत.

दीड तासाच्या पुढे ओढू नका. शेवटी एकच प्रश्न, "मी विचारायला पाहिजे होतं पण विचारलं नाही असं काय राहिलं?" आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच माईक काढू नका, कारण खरी गोष्ट कितीतरी वेळा तेव्हाच सुरू होते. "हे घेऊ का रेकॉर्डवर?" विचारा, हो म्हटलं तर परत चालू. न विचारता चालू ठेवणं मात्र अजिबात नाही.

## ८. त्याच दिवशी

झोपायच्या आधी एवढं:

१. कार्डवरून कॉपी करा, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ऑडिओ ही कॉपी नाही.
२. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईलवरून निघणारा ओळखीचा कोड) काढून ठेवा (एमडी५ किंवा एसएचए-२५६, फुकट टूल आहेत), म्हणजे पुढे फाईल खराब झाली तर कळतं.
३. फाईलचं नाव: प्रोजेक्टची अक्षरं, मुलाखत नंबर, सेशन नंबर, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. स्पेस नाही, "फायनल" नाही, "फायनल नवीन" तर अजिबात नाही.
४. एक पान नोंद: खोलीत कोण होतं, मूड, काय आणलं, कुठल्या नावांचं स्पेलिंग विचारायचं.
५. रिलीज फॉर्मवर सही झाली का? बंद ठेवायचा भाग ठरायचा असेल तर तारीख ठरवून मागे लागा, हा कागद जितका लांबतो तितका अवघड होतो.

इशारा: कॉपी उघडून सुरुवात, मध्य, शेवट ऐकल्याशिवाय कार्ड पुसू नका.

## ९. ट्रान्सक्रिप्ट

आपोआप टाईप करणारी टूल्स वापरा, कच्च्या मसुद्यासाठी चांगली आहेत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती धंद्याचे शब्द हमखास चुकवतात, टॉइलचं टॉवेल करतात, आणि जिथे शांतता आहे तिथे कधीकधी न बोललेलं वाक्य घालतात, तेही अगदी आत्मविश्वासाने. त्यामुळे पूर्ण ऑडिओ कानाने ऐकत तपासणं चुकत नाही. बंद ठेवायच्या मुलाखती तर ऑनलाईन टूलवर चढवूच नका, ऑफलाईन चालणारं वापरा.

किती जसंच्या तसं ठेवायचं ते सगळ्या टीमने एकदाच ठरवा. माझं मत असं की "अं, म्हणजे" काढा पण वाक्यरचना, बोलीतले शब्द, मधेच बदललेली भाषा ठेवा. लॅब असिस्टंटचं बोलणं शुद्ध करायचं आणि प्रोफेसरांचं तसंच ठेवायचं, असं नकळत होतं. दोघांना एकच नियम लावा.

मग ट्रान्सक्रिप्ट बोलणाऱ्याला वाचायला द्या, पण सोबत स्पष्ट सूचना: नावं, तारखा, चुकीचं ऐकलेलं दुरुस्त करा, बाकी नको. हे लिहिलं नाही तर शिक्षक मंडळी लाल पेन घेऊन बसतात आणि छान बोललेली मुलाखत निबंध होऊन परत येते, आयुष्यभराची सवय आहे, काय करणार. तीन आठवड्यांची मुदत द्या आणि उत्तर नाही आलं तर काय धरायचं तेही त्याच पत्रात लिहा.

## १०. शोधता येईल असं करून मगच अर्काईव्हला द्या

दोन तासांची फाईल कोणी ऐकत नाही. दर पाच-सात मिनिटांचा विषय, वेळ आणि शोधायचे शब्द असा इंडेक्स करा. केंटकी युनिव्हर्सिटीच्या नन सेंटरने बनवलेलं ओएचएमएस नावाचं फुकट टूल आहे, त्यात इंडेक्स आणि ट्रान्सक्रिप्ट ऑडिओच्या वेळेला जोडता येतं, शब्दावर क्लिक केलं की तिथून ऐकू येतं. ट्रान्सक्रिप्टला वेळ किंवा माणसं कमी असतील तर आधी इंडेक्स करा, तो लवकर होतो आणि लगेच कामाला येतो.

माहितीचे रकाने (नाव, पद, वर्षं, तारीख, भाषा, हक्क, बंधन, फॉरमॅट) डब्लिन कोर या माहिती नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या १५ घटकांप्रमाणे भरले तर जवळपास कुठलीही लायब्ररी ते घेऊ शकते. शब्द एकसारखे ठेवा, एका मुलाखतीत "पॅटर्न मेकिंग" आणि दुसरीत "पॅटर्न कटिंग" असं टाकलं तर शोधणाऱ्याला अर्धंच सापडतं. फोटो काढलेली वस्तू कॉलेजच्या कलेक्शनमध्ये असेल तर तिचा नोंदणी नंबर मुलाखतीच्या नोंदीत आणि मुलाखतीचा नंबर त्या वस्तूच्या नोंदीत, दोन्हीकडे.

देताना पॅकेटमध्ये मूळ वेव्ह, ऐकायची एमपी३, ट्रान्सक्रिप्ट, इंडेक्स, फोटो, चेकसमची यादी आणि दोन्ही सह्यांचे स्कॅन. बोलणाऱ्यालाही ऑडिओ आणि ट्रान्सक्रिप्टची कॉपी द्या, पेन ड्राईव्हवर किंवा त्यांना उघडता येईल तशी, आणि ती खरंच उघडली का ते फोन करून विचारा. ज्या मुलाखती ठराविक वर्षापर्यंत बंद आहेत त्यांची उघडायची तारीख अर्काईव्हच्या सिस्टीममध्ये टाकून घ्या, टीममधल्या कोणाच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये नको, तोपर्यंत तुमच्यातलं कोणी त्या कॉलेजात असेलच असं नाही.